याला आकडे नाहीत

बाबा पहिल्यांदा वारले तेव्हा शेपूट नऊ वर्षांची होती. त्यात तिचा काही हात नव्हता. दुसऱ्यांदा वारले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, पुस्तकांची पानं लावायची नोकरी करत होती, आणि चूक सर्वस्वी तिची होती. त्यानंतर ते कितीदा वारले हे मोजायचं तिने सोडून दिलं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर प्रकरण पोलिसांत जाईल.

बाबा लिफ्टवाले होते. सात मजल्यांची सरकारी इमारत, तिला एक लिफ्ट, लिफ्टच्या कोपऱ्यात लाकडी स्टूल आणि स्टुलावर बाबा. जाळीचं दार ओढायचं, मूठ फिरवायची आणि समोर साहेब असो की झाडूवाला, एकच वाक्य म्हणायचं : "माणसं चार. सामान वेगळं." लिफ्ट म्हातारी होती. पाचवा माणूस चढला की ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबून विचार करत बसायची. शाळेला सुट्टी असली की दादा आणि शेपूट दिवसभर त्या लिफ्टमधून वरखाली करायचे. दादा माणसांत मोजला जायचा. शेपूट मोजली जायची नाही. कुणी बोट दाखवून "ही पाचवी झाली ना?" असं विचारलं, की बाबा तिच्याकडे न बघता सांगायचे, "लहान मूल सामानात धरतो."

शेपूट हे नाव दादाने ठेवलेलं. तो जाईल तिथे ही मागे, म्हणून. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं.

मग इमारतीत बटणांची लिफ्ट आली. दार आपोआप उघडायचं आणि कुठेच नसलेली एक बाई मजल्याचा नंबर सांगायची. बाबांना निरोप म्हणून त्यांचंच स्टूल दिलं गेलं. सहा महिन्यांनी, एका दुपारी, त्या स्टुलावर बसल्या बसल्या ते गेले. जन्मभर लोकांना सातव्या मजल्यावर पोचवलेला माणूस तळमजल्यावर गेला. आईने स्टूल स्वयंपाकघरात घेतलं, त्याच्यावर पाण्याचा फिल्टर ठेवला आणि तो विषय तिथे मिटला.

दादा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. सगळे म्हणाले, पोरगा रडत कसा नाही? तो रडत नव्हता कारण त्याला वेळ नव्हता. त्याने एक खेळ लिहायला घेतला होता.

खेळ म्हणजे धावायचा नव्हे. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. एक सूत्रधार असतो, तो गोष्ट सांगतो : तुम्ही जंगलात आहात, समोर पूल आहे, पुलावर कुणीतरी उभं आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात. ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. म्हणून प्रत्येकाला आकडे लागतात. लांडग्याला जोर किती, जीव किती, किती फटके बसले की तो मरतो. असल्या खेळांची जाडजूड पुस्तकं निघतात, आणि ती घेऊन चांगली वाढलेली, नोकरीधंद्याला लागलेली माणसं रविवारच्या रविवार लांडगे मारतात.

दादाने सगळे नियम काही स्वतःच्या डोक्यातून काढले नव्हते. या धंद्यात एक भली रीत आहे, तिला खुला परवाना म्हणतात. पुस्तक काढणारा शेवटच्या पानावर छापून टाकतो, की यातला एवढा भाग खुला : कुणीही घ्या, बदला, आपल्या पुस्तकात घाला, विका. एवढा राखीव : त्याला हात लावू नका. सहसा नियम आणि आकडे खुले ठेवतात, नावं आणि गोष्टी राखून ठेवतात. घेणाऱ्याला एक अट असते : ज्यांचं ज्यांचं घेतलंत त्या सगळ्यांची नावं तुमच्याही शेवटच्या पानावर ओळीने लावा. देणाऱ्यालाही एक अट असते : एकदा दिलेलं परत मागायचं नाही.

कुठलंही पुस्तक हातात आलं की दादा आधी शेवटचं पान उघडायचा.

"ही बघ," तो शेपटीला दाखवायचा, "ही बाई कुठे राहते, आहे की गेली, काही माहीत नाही. पण उंचावरून पडल्यावर किती लागतं हा नियम हिचा. हिच्याकडून ह्याने घेतला, ह्याच्याकडून ह्या तिघांनी, त्यांच्याकडून मी. आपल्या वर अठरा ओळी आहेत. एकोणिसावा मी."

"म्हणजे हे तुझे नातेवाईक."

"नातेवाईकांपेक्षा बरे. अजून एकानेही पगार विचारलेला नाही."

शेपूट जिथे कामाला होती ते प्रकाशन टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत होतं. सगळ्या पुस्तकांना रबराचा वास यायचा. मालकांना सगळे काका म्हणत. ते तिथे कुणाचेही काका नव्हते. आधी ते पावतीपुस्तकं आणि हजेरीपट छापायचे. दादाने त्यांना पटवलं, की खेळाचं पुस्तक हेही हजेरीपटासारखंच, फक्त यात गैरहजर राहिलेल्यांना कुणीतरी खाल्लेलं असतं. काकांना ते पटलं. तेव्हापासून ते वरचेवर चौकशी करायचे, "किती प्राणी झाले लिहून?"

प्राणी लिहून व्हायला सतरा वर्षं लागली. आणि पुस्तक पुरं झालं त्याच महिन्यात दादाच्या फुप्फुसांनी राजीनामा दिला.

शेवटचे दिवस तो पलंगावर उशांना टेकून, मांडीवर हस्तलिखित घेऊन, शिसपेन्सिलीने खुणा करत असायचा. जे लोकांना द्यायचं त्याच्या समासात एक उभी करडी रेघ. जे ठेवायचं तिथे काही नाही. बाकीचे लेखक आपली नावं आणि राज्यं डोळ्यांत तेल घालून जपतात. दादाने सगळीकडे रेघा ओढल्या. राज्यं दिली, नद्या दिल्या, एका दुःखी राक्षसाचं अंगाईगीतही दिलं.

"अरे, काहीतरी ठेव की," शेपूट म्हणाली.

"ठेवून कुठे नेऊ?" दादा म्हणाला, आणि मग तीन मिनिटं खोकला. खोकून झाल्यावर त्याने एक पान काढून तिच्यासमोर धरलं. त्यावर सहा ओळी होत्या आणि समास कोरा होता.

*विहिरीच्या काठावर स्टुलावर एक म्हातारा बसलेला असतो. टोपलीचा दोर त्याच्या हातात. तो एवढंच म्हणतो : माणसं चार, सामान वेगळं. टोपली दिवसातून एकदाच खाली जाते. जो पाचवा असेल तो वर राहतो. त्याला म्हातारा आपलं स्टूल देतो आणि स्वतः उभा राहतो. याला आकडे नाहीत.*

शेपटीने ते दोनदा वाचलं. "आकडे का नाहीत?"

"आकडे दिले की मारता येतं."

"हं."

"सगळं वाटून टाक, शेपटे. एवढं पांढरं ठेव. बाबा आपले."

"ठेवते."

"लिहून ठेव कुठेतरी. विसरशील."

"सहा ओळी तर आहेत. मी काय विसरतेय?"

"सहा ओळीच हरवतात," दादा म्हणाला. तिने ते लिहून ठेवलं नाही. पुढच्या महिन्यात दादा गेला.

तीन आठवड्यांनी ती कामावर आली आणि पुस्तकाची पानं लावायला बसली. पुस्तक सोळा सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात, त्यामुळे पानं शहाण्णव तरी हवीत नाहीतर एकशेबारा. दादाचं पुस्तक शहाण्णव पानं आणि सहा ओळी झालं.

"सहा ओळींसाठी सोळा पानं वाढवायची?" काका म्हणाले. "जवळजवळ सगळी कोरीच जाणार की. लोक म्हणतील, लेखक मध्येच..."

काका तिथेच थांबले. खालून कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, तो आवाज बराच वेळ येत राहिला.

"बसव कसंही," ते म्हणाले आणि दुसऱ्या खोलीत गेले.

शेपटीने जागा चिंचोळ्या केल्या, मथळे वर सरकवले, चित्रं आकसून घेतली. दादाचा एकही शब्द ती कापणार नव्हती. दोन दिवस नाकी नऊ आले. आणि तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. त्या प्रकाशनाची एक पद्धत होती, तिनेच पाडलेली : खुला मजकूर करड्या चौकटीत, राखीव मजकूर पांढऱ्यावर. आणि करड्या चौकटीतली अक्षरं एका मापाने बारीक. लोकांनी उचलून न्यायचं आहे ना, मग हलकं असलेलं बरं, अशी तिची तेव्हाची कोटी. तिने विहिरीच्या सहा ओळी उचलल्या आणि करड्या चौकटीत टाकल्या. म्हातारा, दोर, टोपली, स्टूल, सगळं अलगद मावलं.

"बसले!" ती ओरडली.

"बसले? वा," पलीकडून काका म्हणाले.

त्या दिवशी तिला तीन आठवड्यांत पहिल्यांदा भूक लागली. शेवटचं पानही तिनेच जुळवलं. वर एकोणीस ओळी नावांच्या, खाली एक वाक्य : या पुस्तकातील करड्या चौकटींतील सर्व मजकूर खुला आहे. ते वाक्य तिने तीनदा तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.

आठ महिन्यांनी टपालाने एक बारीकसं पुस्तक आलं. बत्तीस पानं, विषय विहिरी. सोबत चिठ्ठी होती : आपल्या पुस्तकातील खुला भाग कृतज्ञतेने वापरला आहे, एक प्रत सादर. खाली सही आणि सहीखाली "दंतवैद्य". शेपटीने मधूनच पान उघडलं, आणि सातव्या पानावर बाबा बसलेले होते. सहा ओळी जशाच्या तशा, काना मात्रा इकडचा तिकडे नाही. फक्त शेवटचं वाक्य गाळलेलं आणि त्या जागी : जोर ४, जीव ११.

आधी तिला संताप आला. ही चोरी आहे, असं ती टायरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. पुरावा म्हणून तिने आपलं पुस्तक काढलं, एकाहत्तरावं पान उघडलं. पान करडं होतं.

"परत घेता येणार नाही का?" तिने काकांना विचारलं.

"पुढच्या छपाईत पांढरं कर. आपल्या हातात तेवढंच."

"पण आधीचं?"

"आधीचं दिलं गं आपण. शेवटच्या पानावर तूच लिहिलंयस." काकांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "माझ्या एका हजेरीपटात मी फेब्रुवारी तीस दिवसांचा छापला होता. आठ शाळांनी वर्षभर वापरला. दोन शाळांत तर त्या दिवशी पोरं हजरसुद्धा होती."

काकांची सांत्वन करायची पद्धत ही अशी होती.

मग तिने करू नये ते केलं. हे खेळ खेळणारे गट आपापल्या हकिगती जिथे लिहितात ते संकेतस्थळ उघडून ती वाचत बसली. एका गटाने लिहिलं होतं : विहिरीवरचा म्हातारा मारला. स्टूल मिळालं. पुढे कुठेच उपयोग झाला नाही. दुसऱ्या गटाने : आम्ही पाच, टोपलीत चार. चर्चा करण्यापेक्षा मारणं सोपं पडलं. तिसऱ्याने चित्रच काढलं होतं. म्हातारा पालथा पडलेला, बाजूला स्टूल. चित्रकाराने स्टुलाचे चारही पाय मन लावून काढले होते.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. शेपटीला ते पोटात ठेवणं जमेना.

"बाबांना लोक मारतायत गं."

आईची घडी थांबली. "कुठे?"

"खेळात. दादाने त्यांना खेळात घातलं होतं."

"ते माहितीये मला. विचारलं होतं त्याने, घालू का म्हणून. पण मारतायत कशाला? ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात."

"स्टुलासाठी."

आईने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "स्टूल तर इथे आहे."

"हो."

"मग कळव त्यांना. म्हणावं, इथे आहे, त्याच्यावर फिल्टर ठेवलाय, उगाच जीव घेऊ नका." तिने घडी पुरी केली, मग ती मोडून पुन्हा घातली. "कितीदा मारलं?"

"मोजलं नाही."

"एकदा पुरे होतं की," आई म्हणाली.

शेपटीने दंतवैद्यांना तीन पत्रं लिहिली. पहिल्यात शिव्या होत्या, दुसऱ्यात कलमं होती. तिसऱ्यात दोनच शब्द होते : अकरा का? तिने तिसरं पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. रविवारी दुपारी आम्ही माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खेळतो. थोडं आधी या. कारण पत्रात सांगण्यासारखं नाही.

दवाखान्याची बाहेरची खोली म्हणजे भिंतीला जखडलेली पोलादी खुर्च्यांची रांग, हिरड्यांचे दोन तक्ते आणि वर्षानुवर्षं घाबरलेल्या लोकांनी चाळलेली मासिकं. मध्ये एक बुटकं टेबल, त्यावर प्लॅस्टरची जबड्याची प्रतिकृती. डॉक्टर पन्नाशीचे, मऊ बोलणारे होते. प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघायची सवय त्यांना धंद्यामुळे लागलेली.

"प्रवास ठीक झाला ना, चहा घेणार ना, बसा ना," ते एका दमात म्हणाले आणि स्वतः चाकांच्या स्टुलावर बसले. "काही चुकलं का माझं? करडी चौकट होती म्हणून घेतलं. शेवटचं पान दोनदा वाचलं होतं मी."

"चूक माझी आहे," शेपूट म्हणाली. घरून निघताना तिने हे वाक्य ठरवलं नव्हतं. मग तिने सगळं सांगितलं. लिफ्ट, स्टूल, कोरा समास, सहा ओळी. डॉक्टर कधी नव्हे ते पूर्ण ऐकत राहिले.

"म्हणजे मी तुमच्या वडिलांना..."

"हो."

"अकरा."

"हो. तुमच्याच पुस्तकात विहिरीच्या दाराला पंधरा आहेत."

"दार सागवानी आहे हो," डॉक्टर केविलवाणे म्हणाले. "साध्या म्हाताऱ्या माणसाला आम्ही दहा देतो. सगळेच देतात, तसा नियमच आहे. पण हा पाचव्यासाठी उठून उभा राहतो. मला वाटलं, ह्याला दहा देणं बरं नाही. म्हणून एक जास्त दिला."

शेपटीच्या तोंडात पहिल्या पत्रातल्या शिव्या तयार होत्या. त्या तिला गिळाव्या लागल्या.

"पुढच्या छपाईत काढतो मी आकडे," डॉक्टर म्हणाले. "पण गेलेल्या प्रती..."

"माहितीये."

"तुमच्या दादांचं नाव तरी बरोबर लागलंय ना? मी फार काळजी घेतली होती."

तिने डॉक्टरांच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलंच नव्हतं. रागारागात ती सातव्या पानापुढे गेली नव्हती. आता डॉक्टरांनी ते तिच्यापुढे धरलं. उंचावरून पडणारी ती बाई सगळ्यात वर होती. मग तो, मग ते तिघं. अठरा ओळींखाली दादा होता. आणि दादाच्या खाली, अंगठ्याएवढी जागा सोडून, दंतवैद्य. दादाचं नाव तिने आजवर इतक्या कागदांवर पाहिलं होतं, पण तिने स्वतः न लावलेल्या पानावर पहिल्यांदाच पाहत होती. त्याच्या आजारपणातल्या कागदांवर होतं ते सोडून.

तेवढ्यात खेळणारे आले. निवृत्त गणिताच्या बाई, औषधाच्या दुकानातला एक जण आणि फ्रिज दुरुस्त करणारे दोघं जुळे भाऊ, जे एक वाक्य दोघांत मिळून बोलायचे.

"आज पाच?" बाईंनी शेपटीला चष्म्यावरून पाहिलं. "छान. विषम संख्या. नाव काय तुमच्या पात्राचं?"

"शेपूट."

"करते काय?"

"मागे मागे येते."

"जोर?"

"नाही फारसा."

"मग सामान उचल म्हणावं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फासे खडखडवले.

डॉक्टरांनी गोष्ट सुरू केली. ते गेल्या रविवारी जिथे थांबले होते तिथून पुढे माळ होता, माळावर वाट होती आणि वाटेच्या शेवटी विहीर. डॉक्टर तिथे अडखळले. त्यांनी शेपटीकडे पाहिलं. वाट दुसरीकडे वळवू का, असं ते डोळ्यांनी विचारत होते. तिने नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी प्लॅस्टरचा जबडा पुढे ओढला. पडलेल्या दाढेच्या जागी खड्डा होता, ती विहीर.

"काठावर एक म्हातारा बसलाय. स्टुलावर. हातात दोर." डॉक्टरांनी आवाज खाली नेला. "माणसं चार. सामान वेगळं."

बाबांचा आवाज असा अजिबात नव्हता. बाबांचा आवाज चिरका होता. तरी शेपूट खुर्चीत सरळ बसली.

"आम्ही पाच आहोत," औषधवाला म्हणाला.

"माणसं चार."

"दोन खेपा..." एक जुळा म्हणाला. "...करा की," दुसरा म्हणाला.

"टोपली दिवसातून एकदाच."

"काय कटकट आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे डॉक्टरांच्या पुस्तकाची प्रत होती. त्यांनी सातवं पान काढलं. "हा बघा, अकरा. माझ्या फटक्याने सात जातात, तुम्हा दोघांतल्या एकाच्या फटक्याने चार. एका फेरीत आटपतो. मग दोर आपलाच."

"स्टूलही मिळतं म्हणे," औषधवाला म्हणाला.

"उपयोग नाही त्याचा," एक जुळा म्हणाला. "...कुठेच," दुसरा म्हणाला.

बाईंनी फासे मुठीत घेतले. त्या मुळीच दुष्ट नव्हत्या. चाळीस वर्षं वर्गात उदाहरणं सोडवली होती आणि समोर एक उदाहरण होतं, एवढंच. शेपटीला वाटलं, आता ओरडावं. सांगावं, की हा कोण आहे, जाळीचं दार ओढताना तो काय म्हणायचा, दादा कसा पलंगावर बसून पेन्सिल चालवायचा. ते सगळं सांगून झाल्यावरही पान करडंच राहणार होतं. आणि पुढच्या रविवारी, दुसऱ्या कुठल्या खोलीत, दुसरे कुणीतरी पाच जण असणार होते.

"मी राहते वर," ती म्हणाली.

"अहो, पहिल्यांदा आलात," औषधवाला म्हणाला. "खाली खजिना आहे."

"असू दे. तुम्ही चार होता ना? पाचवी मीच."

बाईंनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तसंही सुटतं." आणि त्यांनी फासे खाली ठेवले.

डॉक्टर उठले. त्यांनी बुडाखालचं चाकांचं स्टूल पायाने हळूच तिच्याकडे ढकललं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. ती पोलादी खुर्चीवरून उठून त्या स्टुलावर बसली. ते जरासं सरकलं, मग थांबलं.

पुढचा दीड तास चौघं विहिरीत होते. तिथे वटवाघळं निघाली, एक भिंत बोलायला लागली, जुळ्यांपैकी एकाचा हात तुटला आणि वाक्य दुसऱ्यालाच पुरं करावं लागलं. डॉक्टर उभ्यानेच सांगत होते. प्रत्येक फेरीला ते तिच्याकडे वळायचे. "वर शेपूट काय करतेय?"

"बसलेय."

"बसलीय," डॉक्टर टिपून घ्यायचे.

पाचव्या फेरीला बाई बेरजेत गुंतल्या होत्या, तेव्हा डॉक्टरांनी आवाज खाली नेला. "म्हातारा विचारतो, कंटाळलीस का?"

"नाही," शेपूट म्हणाली. "लहानपणी मी टोपलीतून जायची. पाचवी असले तरी."

"ते कसं?"

"लहान मूल सामानात धरतात."

डॉक्टर पुन्हा म्हाताऱ्याच्या आवाजात गेले. "धरतो," म्हातारा म्हणाला.

तिने जबड्यातल्या खड्ड्याकडे पाहिलं. "इथून एक जण खाली गेला का? उंच. खोकत असेल."

डॉक्टरांच्या कागदांत असं काहीच नव्हतं. ते कागदांकडे बघतही नव्हते. "गेला," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले."

"एकटाच?"

"एकटाच. तिघांची जागा रिकामी गेली."

"काही बोलला?"

"खोकत होता. दोर धीराने सोड म्हणाला."

"आणि त्याचं सामान?"

डॉक्टरांचा हात हवेत दोर धरल्यासारखा अर्धवट वर होता. तो त्यांच्या ध्यानातही नसावा. "सामान," म्हातारा म्हणाला, "वर ठेवून गेला."

शेपटीने मान खाली घातली. स्टुलाच्या चाकात कापसाचा एक बोळा अडकला होता, तो ती बराच वेळ बघत राहिली.

"आमची फेरी!" बाई विहिरीतून ओरडल्या. "भिंतीला किती बसले, सांगता का जरा?"

पाच वाजता सगळे वर आले. खजिन्यात एक आरसा आणि तीन मेणबत्त्या निघाल्या, त्यांवरून थोडं भांडण झालं, मग मंडळी पांगली. बाई जाताना शेपटीला म्हणाल्या, "पुढच्या वेळी जोर थोडा वाढवून या." डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं होतं. ते वही घेऊन तिच्यापाशी आले.

"ते लहान मुलाचं. सामानात धरतात, ते. पुढच्या छपाईत घालू का? आकडे काढीन तिथेच. या वेळी विचारूनच घेतो."

ती ओळ दादाने लिहिली नव्हती. त्याला आठवत नव्हती, की त्याने मुद्दाम ठेवली होती, हे आता कुणाला विचारायचं? ती ओळ म्हणणारे बाबा नव्हते, ऐकणारा दादा नव्हता. ती कुठेच छापलेली नव्हती, त्यामुळे तिला कुणी मारूही शकत नव्हतं. शेपूट गेली की तीही जाणार होती, अगदी सुखरूप.

"पेन्सिल द्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दिली. तिने वही मांडीवर घेतली, ती ओळ शोधली आणि समासात एक उभी करडी रेघ ओढली. दादा ओढायचा तशी, वरून खाली, थोडी वाकडी. मग पेन्सिल परत दिली.

बाहेर ऊन उतरत होतं. आईला सांगावं लागणार होतं, की आज नाही मारलं. आई विचारणार होती, आणि उद्या? डॉक्टरांनी दवा लावलेल्या कापसाचा डबा बंद केला, मासिकं सारखी केली, दिवा लावला. स्टूल त्यांनी मागितलं नाही. शेपूटही उठली नाही, आणि डॉक्टर भिंतीला टेकून उभेच होते.